अजगराला कागद मिळतो, आमच्या पंतांना नाही

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली नसती तर हे काही झालंच नसतं, हे आधीच कबूल करतो. ठाण्यात नौपाड्यातली आमची जुनी तीन मजली बिल्डिंग, सहा वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या आणि मग एकदम फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्र आलं की एप्रिलअखेर घरं रिकामी करा. घोडबंदर रोडला भाड्याने फ्लॅट बघितला, अकरावा मजला, मालकाने ॲग्रीमेंटमध्ये 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' असं घातलेलं. बायको म्हणाली आपल्याकडे कुठे आहेत पाळीव प्राणी. आणि मग आम्ही सगळ्यांनी एकदम खाली बघितलं, कारण पंत त्याच वेळी फ्रिजखालून निघून देवघराकडे चालले होते.

पंत म्हणजे कासव. काळपट कवच आणि त्याच्या प्रत्येक खवल्यावर मधून बाहेर फुटणाऱ्या पिवळ्या रेघा, दारातल्या रांगोळीत चांदण्या काढतात ना तशा. स्टार कासव, तारा कासव म्हणतात ते. २००८ च्या दिवाळीत बाबांच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली, तो जाताना बुटाच्या खोक्यात घालून देऊन गेला, तेव्हा काडेपेटीपेक्षा जरा मोठं होतं. पहिले चार महिने आम्ही त्याला टबमध्ये पाण्यात ठेवलं, कारण कासव म्हणजे पाणी एवढीच अक्कल. ते बिचारं टबाच्या कडेला पुढचे पाय लावून मान वर काढून उभं राहायचं आणि आम्ही म्हणायचो बघा कसं आपल्याकडे बघतंय. ते बुडायला आलेलं असायचं. हे जमिनीवरचं कासव आहे, पोहता येत नाही, हे मामेभावाने येऊन सांगितलं तेव्हा कुठे टब गेला. चालायची ऐट अशी की कुणी म्हातारे गृहस्थ धोतर सावरत निघालेत, म्हणून आजीने नाव ठेवलं पंत. आई आषाढी एकादशीला कवचाला हळदकुंकू लावायची, कूर्मावतार म्हणून.

आता कुणी म्हणेल साडेसोळा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही का की हे बेकायदेशीर असेल. खरं सांगायचं तर आलं होतं. पोपट पाळायचा नाही हे माहिती होतं, मांडूळ पकडलं, घोरपड पकडली अशा बातम्या ठाण्याच्या पेपरात कायम असतात, पण ते तस्करीवाल्यांसाठी असणार, आपलं कासव काय आपण विकतोय थोडंच, असं सोयीस्कर धरून चाललो होतो. उलट दर वाढदिवसाला पंतांचा फोटो फॅमिली ग्रुपवर. म्हणजे पुरावा आम्हीच तारीखवार जमवत होतो.

नेरूळला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे बॉल पायथन आहे. आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की डोकं आत घालून चेंडूसारखा गोळा होतो. त्याला फोन केला तर म्हणाला सोप्पंय रे, केंद्राच्या पर्यावरण खात्याचं परिवेश पोर्टल आहे, त्यावर रजिस्टर कर, मी ऑगस्ट २०२४ मध्येच केलंय, हजार रुपये फी, फोटो टाकायचे, कुठून आणलं ते लिहायचं, झालं. मला एकदम हायसं वाटलं. त्याच रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो, नियम शोधून काढले, तर खरंच होतं, २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने नियम काढले होते की सायटीसच्या यादीतले जिवंत प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सहा महिन्यांत नोंद करा, नंतर आणाल तर तीस दिवसांत, आणि पुढे पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवा. सायटीस म्हणजे प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. त्या यादीत बघितलं तर स्टार कासव आहे की! पहिल्याच परिशिष्टात, २०१९ च्या जिनिव्हाच्या बैठकीत वरच्या वर्गात नेलेलं. मी बायकोला ओरडून सांगितलं, पंत यादीत आहेत, पंतांचा कागद होणार.

फॉर्म भरण्याआधी नशिबाने मावसभावाला विचारलं, तो ठाणे कोर्टात वकिली करतो. तो आधी दोन मिनिटं हसला. मग म्हणाला दादा, स्वतःहून सरकारी पोर्टलवर जाऊन गुन्हा अपलोड करणारा पहिला अशील भेटला मला.

त्याने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून, तारीख बघा. आधी सहा अनुसूच्या, म्हणजे कायद्याच्या शेवटी जोडलेल्या याद्या, होत्या, त्यांच्या चार केल्या. त्यातली चौथी ही सायटीसवाल्या प्राण्यांची, मित्राचा अजगर त्यात बसतो, लोक इग्वाना पाळतात ते पण त्यात. पण स्टार कासव हा आपल्या देशातला प्राणी, गुजरात-राजस्थानकडचा आणि खाली आंध्र-तामिळनाडू पट्ट्यातला, आणि तो पहिल्या अनुसूचीत आहे, बिबट्या-वाघाच्या पंक्तीत. पूर्वी खालच्या अनुसूचीत होता, दुरुस्तीने वर नेला. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एखादी जात दोन्हीकडे असेल तर आपल्या अनुसूचीचे नियम लागू, सायटीसचे नाहीत. म्हणजे मला जी यादी बघून आनंद झाला होता तिचा पंतांना शून्य उपयोग. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड कमीत कमी पंचवीस हजार. मी विचारलं अरे पण आमच्याकडे तर २००८ पासून आहे, जुन्यांना काही सवलत? तो म्हणाला होती ना, २००३ मध्ये, १८ एप्रिलपासून १८० दिवस, ज्यांच्याकडे असे प्राणी किंवा कातडी-शिंगं होती त्यांनी जाहीर करायचं. तुम्ही पाच वर्षं उशिरा आलात. आणि २०२० ची ती गाजलेली 'सांगा आणि सुटा' योजना? ती फक्त परदेशी प्राण्यांसाठी.

बाबा शेजारीच बसले होते. त्यांचं वय ७४. म्हणाले, म्हणजे आफ्रिकेतला साप घरात ठेवला तर चालतो आणि आपल्याकडचं कासव ठेवलं तर सात वर्षं? मावसभाऊ म्हणाला काका, कायद्याने वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. आई आतून म्हणाली, मग सरकारने सोळा वर्षं काकडीचे पैसे द्यावेत.

पुढचे आठ-दहा दिवस सल्ल्यांचा पाऊस. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावात सोडून दे, हा सगळ्यात जास्त वेळा आलेला सल्ला. मासुंद्यात सोडलं असतं तर दोन मिनिटांत बुडालं असतं. दुसरा सल्ला येऊरच्या जंगलात सोड, तिथे तरी हा प्राणी कुठे असतो, त्याला कोकणातला पाऊस झेपत नाही. तिसरा सल्ला नेरूळच्या मित्राकडून आला, खारघरला एक जण आहे, असे प्राणी जमवणारा, तो घेईल, चांगला सांभाळेल, वर पैसे पण देईल. आता इथे मी साधू असल्याचा आव आणत नाही. गेलो. नुसतं बघून येऊ म्हणून गेलो.

टॉवरमधला थ्री बीएचके, त्यातली एक बेडरूम पूर्ण ह्याच कामाला. पडदे लावलेले, एसी बंद, आत शिरल्या शिरल्या ओल्या काथ्याच्या भुशाचा वास आणि दमट गरमी. भिंतीला रॅक, रॅकमध्ये ड्रॉवरसारखे प्लास्टिकचे डबे, प्रत्येकावर पट्टी, जात, तारीख, शेवटचं खाणं कधी दिलं. थर्मोस्टॅटचे लाल आकडे. स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली गोठवलेले उंदीर, ते त्याने मला मुद्दाम दाखवले, माझं तोंड बघायला असावं. एक पिवळाधमक बॉल पायथन मनगटावर गुंडाळून दाखवला, सगळ्याचे कागद फाईलला लावलेले, रजिस्ट्रेशन, पोचपावती, एकदम व्यवस्थित, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने शिकावं असं. मग सगळ्यात खालच्या रॅकवरचा टॉवेल बाजूला केला. तिथे तीन स्टार कासवं. ह्यांचा कागद नव्हता, आणि मी विचारलंही नाही.

पण मी जे बघत बसलो ते त्यांचं कवच. गुळगुळीत, छान घुमटासारखं, रेघा अगदी सरळ. आमच्या पंतांच्या पाठीवर पहिल्यापासून टेंगळं आहेत, प्रत्येक खवला मोदकाच्या नाकासारखा वर आलेला, आम्हाला वाटायचं वयानुसार असंच होतं. तो म्हणाला काका-काकूंनी पोळी-भात घातला असेल, हो ना? काका-काकू म्हणजे माझे आईबाबा. मला इतकं लाजल्यासारखं झालं, कारण बरोबर होतं, पोळी-दूध, वरणभात, कधी मारी बिस्कीट. इथे ज्याला आपण मनातल्या मनात चोर म्हणतोय त्याचे प्राणी धडधाकट आणि आम्ही प्रेमाने वाढवलेला प्राणी वाकडा.

त्याचं म्हणणं असं की ही पिल्लं मीच काढली, जंगलातून एकही आणलेलं नाही, मग जंगलाचं गेलं काय? उलट माझ्यासारखे दहा लोक असते तर जात वाचली असती, सरकार मात्र आम्हाला चोर समजतं. वीस हजार द्यायला तयार होता. सांगतो, त्या क्षणी मला ते पटलं होतं. रिक्षात बसेपर्यंत पटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंतांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो, अशा प्राण्यांचं बघणाऱ्या. भाजीच्या पिशवीत, वर टॉवेल. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला कुठून आणलं, दुसरा विचारला ऊन किती मिळतं. खिडकीतून भरपूर येतं म्हटलं. त्या म्हणाल्या काच असेल ना खिडकीला? काचेतून जे किरण हाडांसाठी लागतात तेच येत नाहीत. ह्या जातीत थोडे उंचवटे जन्मजात असतात पण इतके नाही, हे चुकीच्या खाण्याने, कोरड्या जागेमुळे आणि कॅल्शियम कमी पडल्याने. त्याला गवत हवं, पाला हवा. वजन १ किलो ३८० ग्रॅम भरलं. मग त्यांनी उलटं करून पोटाकडची बाजू बघितली, सपाट, शेपटी आखूड, आणि म्हणाल्या ही मादी आहे. नराचं पोट आत गेलेलं असतं. आम्ही घरी येऊन सांगितलं तर बाबा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, पंतच म्हणायचं, आता बदलायचं नाही.

खारघरच्या कासवांचा फोटो मी मोबाईलवर डॉक्टरबाईंना दाखवला होता, मित्राचा मित्र वगैरे सांगून. त्यांना विचारलं, हे घरात जन्मलेलं की जंगलातलं? त्यांनी झूम करून बघितलं आणि म्हणाल्या, एकतर फार हुशारीने वाढवलंय, नाहीतर जंगलात वाढलंय, गुळगुळीत कवच दोन्हीकडे येतं, नुसतं बघून मी पण नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकत, तोच तर घोळ आहे.

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. अजगराच्या बाबतीत तो निदान इथल्या रानातून उचललेला नाही एवढं तरी नक्की असतं, तो आफ्रिकेतला. कासवाच्या बाबतीत उद्या परवानगी दिली की प्रत्येक जण म्हणणार हे माझ्या घरी जन्मलं, आणि पकडून आणलेलं प्रत्येक पिल्लू कागदावर 'घरचं' होणार. २०१५ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात भारतातल्या एकाच ठिकाणाहून वर्षभरात कमीत कमी ५५ हजार स्टार कासवं उचलली जातात असा हिशोब होता. ५५ हजार, एका ठिकाणाहून. आमचं बुटाच्या खोक्यातलं त्यातलंच एखादं असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. बाबांच्या सहकाऱ्याने प्रेमाने दिलं, त्याला कुणी प्रेमाने दिलं असेल, पण साखळीच्या पहिल्या टोकाला कुणीतरी पोतं घेऊन फिरत होताच. खारघरवाल्याला मी फोन केला नाही परत. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही, पण त्याच्यावर विश्वास ठेवून कायदा करता येणार नाही हेही तितकंच खरं.

मग १९२६ ला फोन लावला, वनखात्याची हेल्पलाईन. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि जवळच्या ऑफिसात जमा करा म्हणाले. आधी आम्ही सरळ येऊरच्या गेटवर गेलो, ते म्हणाले हे नॅशनल पार्कचं, तुमचं घर शहरात म्हणजे प्रादेशिक वनविभागवाल्यांकडे जा. तिकडे गेलो, साहेब फिरतीवर. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका टेबलावर अर्ज दिला, विषय: तारा कासव स्वेच्छेने जमा करणेबाबत. टेबलावरच्या माणसाने वाचलं, चष्मा वर केला आणि हळूच म्हणाला, हे कशाला लिहिलं? 'सोसायटीच्या गार्डनमध्ये सापडलं' लिहा ना, सगळे तसंच लिहितात, तुम्हाला पण त्रास नाही आम्हाला पण नाही. वाईट हेतूने नव्हता सांगत, उलट आमच्या भल्यासाठीच.

मी पेन काढलं होतं. बाबा म्हणाले थांब. मग त्या माणसाला म्हणाले, साहेब, सोळा वर्षं घरात होतं, त्याचं बारसं सोडून सगळं केलंय आम्ही, सापडलं कसं लिहू. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी बाबांचा राग आला. सात वर्षांची शिक्षा ज्याच्या नावावर लागणार तोच माणूस खरेपणा करत होता आणि मी, ज्याला काही होणार नव्हतं, मी पेन घेऊन बसलेलो.

आतून अधिकारी आले, तरुण होते, माझ्यापेक्षा लहान असतील. अर्ज वाचून बसा म्हणाले, चहा मागवला. म्हणाले ठाण्याच्या रानात हे कासव नसतंच, त्यामुळे 'सापडलं' म्हणजे कुणीतरी सोडलेलंच असतं हे आम्हाला पण कळतं. तुम्ही खरं लिहिलंय तर जबाब घेऊ, केस होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, वरिष्ठांकडे पाठवतो. मग पंचनामा. दोन पंच, एक समोरचा झेरॉक्सवाला आणि एक कुणीतरी स्वतःच्या कामासाठी आलेला. कवचाची लांबी टेपने मोजली, चारी बाजूंनी फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं. जबाबात बाबांना विचारलं कुणी दिलं, तो सहकारी २०१४ मध्येच वारलाय, तेही लिहिलं. मिळाल्याची पावती दिली त्यावर होतं: कासव, जिवंत, नग १, लिंग मादी. आईने डब्यात काकडीचे तुकडे दिले होते ते तिथल्या वनरक्षकाकडे दिले, त्याने घेतले, हसला नाही, ह्याचं मला बरं वाटलं.

नंतरचे पाच आठवडे घरात कुणी बेल वाजवली की बाबा आधी आतल्या खोलीत जायचे. ह्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पाळायची परवानगी देऊ नका, मला मान्य, पण स्वतःहून आणून देणाऱ्याला निदान एवढं तरी सांगा की महिन्याभरात तुम्हाला कळवू. ते कुठे लिहिलेलंच नाही. त्यामुळे शहाणे लोक गार्डनमध्ये सापडलं म्हणून लिहितात आणि त्याहून शहाणे रात्री तलावावर जातात. बाबांना एकदा परत जबाबासाठी बोलावलं, तेवढंच. केसचं पत्र अजून तरी आलेलं नाही, मावसभाऊ म्हणतो आलं तर बघू.

जून महिन्यात त्या अधिकाऱ्यांना मीच फोन केला, बाबा मागे लागले होते. म्हणाले प्राण्यांच्या सेंटरला आहे, बरी आहे, आत्ता सोडता येणार नाही, कवच असं असल्यावर आणि इतकी वर्षं माणसात राहिल्यावर लगेच रानात सोडत नाहीत, आजार पण नेतात तिकडे. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, काकडी देता का, साल काढून द्या, सालीसकट नाही खात.

तिकडून उत्तर आलं, स्पीकरवर होतं म्हणून सगळ्यांनी ऐकलं, काका, तिला आम्ही गवत घालतोय. खातेय.